बिडाचा स्वभाव ओळखणारे लक्ष्मणराव

टर्बोचार्जर बसविलेली मोटार घाट चढत असते, तेव्हा तिच्या बॉनेटखालचे एक जड नळकांडे प्रवाशांच्या नजरेआड तापून लाल होत असते. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारे जळते वायू एकत्र करून ते टर्बोच्या चक्रावर सोडणे, हे त्याचे काम. त्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. साध्या इंजिनावर टर्बो चढवायचा झाल्यास सर्वप्रथम हात लावावा लागतो तो या मॅनिफोल्डलाच. आणि तो बहुधा ओतीव लोखंडाचा असल्याने भल्याभल्या कारागिरांची परीक्षा तेथेच लागते. फाजील जोर केला की तडा, घाईने जोड दिला की तडा, तापलेल्या अंगावर गार पाणी पडले की तडा!

कारखान्यांत आणि गॅरेजांत या ओतीव लोखंडाला बीड म्हणतात. नामसाधर्म्यामुळे मराठवाड्यातील बीड शहराची आठवण झाली, तरी येथे विषय धातूचा आहे. मुंबई-पुण्याचा अभियंता असो की नांदेड-लातूर रस्त्यावरच्या अहमदपुरातील ट्रॅक्टर-ट्रकचा मिस्त्री, दोघांनाही हा धातू सारखाच छळतो आणि सारखाच उपयोगी पडतो. विहिरीवरचा पंप, उसाचा चरक, शेतावरचे ऑइल इंजिन असे ग्रामीण महाराष्ट्राचे यंत्रजीवन विसाव्या शतकात फार मोठ्या प्रमाणावर बिडावर उभे राहिले. हा धातू शेतकऱ्याच्या दारात नेऊन पोहोचविणाऱ्यांत अग्रणी होते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. लक्ष्मणरावांनी टर्बो कधी घडविला नाही. परंतु ओतीव वस्तू मोडली, तर ती वापरणाऱ्याला दोष न देता साचा, मिश्रण आणि आकार यांत बदल करावयाचा, ही जी शिस्त मॅनिफोल्ड सुधारणाऱ्याला आज पाळावी लागते, ती त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नांगराच्या निमित्ताने अंगी बाणविली होती.

रंग हुकले, रेषा उरल्या

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी पंडित. मुलांनीही विद्येची हीच वाट धरावी, अशी त्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. लक्ष्मणरावांचे मन मात्र पोथीत रमेना. चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून पाहणे हे त्यांचे दोन छंद. अखेर थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांच्या पाठिंब्यावर १८८५ च्या सुमारास ते मुंबईत आले आणि सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे दैवाने पहिला फटका दिला. काही रंगांतला फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. ज्याला रंग नीट दिसत नाहीत त्याने चित्रकार व्हावे कसे? दुसरा एखादा तरुण गाव गाठून मोकळा झाला असता. लक्ष्मणरावांनी रंगपेटी बाजूला ठेवली आणि यंत्रांच्या रेखाचित्रांकडे मोर्चा वळविला. तेथे रंगाची गरज नव्हती. गरज होती ती अचूक रेषेची, मापाची आणि वस्तू आतून कशी असेल हे कल्पनेने पाहण्याच्या दृष्टीची. ओतकामाचे सारे शास्त्र या दृष्टीवर चालते. ओतीव वस्तूची पोकळी वाळूच्या गाभ्याने घडवावी लागते. जे दिसत नाही ते आधी कागदावर उतरविता आले, तरच ते धातूत उतरते.

मुंबईत १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना सहायक शिक्षकाची नोकरी मिळाली. पगार महिना ४५ रुपये. विषय यांत्रिक आरेखन. वर्ग संपला की ते संस्थेच्या कर्मशाळेत जात. लेथ कसा चालतो, भट्टी कशी पेटवितात, धातू कसा कापतात, हे त्यांनी तेथे स्वतः हात काळे करून शिकून घेतले. पुस्तके आणि परदेशी यंत्रांच्या सूचिपत्रांचे वाचन चालूच होते. विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या या शिक्षकाने स्वतःचे शिक्षण असे कर्मशाळेत पुरे केले.

याच काळात सायकल हे नवे वाहन त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी ती विकत घेतली, चालवायला शिकली आणि १८८८ मध्ये रामूअण्णांच्या साथीने बेळगावात सायकलींचे दुकान उघडले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या विकाव्यात, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवावे, असा क्रम होता. सायकलीची किंमत त्या काळी ७०० ते १,००० रुपयांच्या घरात आणि शिकवणीचे १५ रुपये वेगळे, अशी नोंद आढळते. किर्लोस्कर बंधू हे नाव उद्योगाच्या पाटीवर प्रथम लागले ते या दुकानामुळे.

मुंबईच्या नोकरीत पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत ते बेळगावास परतले.

विकला न जाणारा नांगर

बेळगावात सायकल दुरुस्तीबरोबर पवनचक्क्या विकणे, त्या उभारून देणे अशी कामे सुरू झाली. पण दुसऱ्याचा माल विकण्यात त्यांना समाधान नव्हते. शेतीची अवजारे आपण का घडवू नयेत, या विचाराने त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र बनविले. त्यानंतर त्यांची दृष्टी नांगराकडे वळली.

मराठी मुलखात तेव्हा लाकडी नांगर चालत असे. हलक्या जमिनीत तो भागवून नेई. परंतु बेळगावापासून मराठवाड्यापर्यंत पसरलेल्या काळ्या, चिकट, उन्हाळ्यात दगडासारख्या कठीण होणाऱ्या जमिनीत त्याचा टिकाव लागत नसे. हरळी आणि कुंदा या तणांच्या मुळ्या खोल जात. लाकडी नांगर त्यांना वरवर ओरबाडी, मुळे तशीच राहत. परदेशांतून येणारे लोखंडी नांगर हे काम करीत. पण त्यांचे सुटे भाग मिळण्याची मारामार होती आणि ते आपल्या बैलांचा, आपल्या जमिनीचा विचार करून घडविलेले नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला, पण तो कोणी घेईना! लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाईल, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरलेली होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याच्या अज्ञानावर आगपाखड केली नाही. अडाणी म्हणून गिऱ्हाइकाला मोडीत काढणे सोपे असते. त्यांनी नांगर शेतावर नेऊन चालवून दाखविण्याचा मार्ग धरला. शेतकऱ्याचा विश्वास भाषणाने बसत नाही, शेजारच्या शेतातले पीक पाहून बसतो, हे त्यांनी ओळखले होते.

धातूचा हट्ट

नांगराची खरी लढाई मात्र भट्टीत होती, आणि येथे बिडाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. बिडात कार्बनचे प्रमाण सर्वसाधारणपणे तीन ते साडेतीन टक्के असते. पोलादाहून ते कितीतरी पट अधिक. त्यामुळे बीड कमी उष्णतेवर, साधारण १,१५० ते १,२०० अंश सेल्सिअसला वितळते आणि पाण्यासारखे पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यात जाते. हा त्याचा मोठा गुण. परंतु थंड होताना हाच कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने धातूत पसरतो. दाब सहन करण्यास बीड खंबीर असते. ताणले किंवा वाकविले की या पापुद्र्यांच्या कडेने चीर धावत सुटते. पोलाद वाकून इशारा देते. बीड इशारा न देता तुटते.

थंड होण्याचा वेग बदलला की धातूची जात बदलते, हे बिडाचे आणखी एक गमक. सावकाश निवले तर ते करडे, कानशीला दाद देणारे होते. एकदम थंड झाले तर कार्बनला ग्रॅफाइट होण्यास अवधीच मिळत नाही आणि पांढरे, काचेसारखे कठीण आणि तितकेच ठिसूळ बीड तयार होते. इंग्लंडमधील इप्स्विचच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ साली याच गुणाचा लाभ घेऊन नांगराच्या फाळाचे पेटंट घेतले. फाळाची खालची बाजू झपाट्याने थंड करून कठीण करावयाची आणि वरची मऊ ठेवावयाची. जमिनीत घासताना मऊ बाजू आधी झिजते, कठीण कड पुढे राहते आणि फाळ वापरानेच धारदार होत जातो.

अशा आयात मालाशी लक्ष्मणरावांची स्पर्धा होती. हाताशी धातुशास्त्राची प्रयोगशाळा नव्हती. होती ती छोटी भट्टी, वाळूचे साचे आणि चिकाटी. ओतकाम करणाऱ्याला त्या काळी धातूची परीक्षा घ्यावी लागे ती मोडलेल्या तुकड्याच्या अंगावरून: मोड करडी आहे की पांढरी, दाणा बारीक आहे की जाड, मध्ये पोकळी राहिली आहे काय. ओतकाम जाणणाऱ्याला मोडलेला फाळ बरेच काही सांगतो. कोपरा फार तीव्र आहे, जाड भागाला पातळ भाग एकदम जोडला आहे, वाळू ओली होती, मिश्रणात भंगार जास्त झाले, हे सारे त्या मोडीत लिहिलेले असते. प्रश्न एवढाच, की कारखानदार ते वाचतो की तुकडा कोपऱ्यात फेकून देतो. लक्ष्मणराव वाचणाऱ्यांपैकी होते.

कुंडलच्या माळावर

नांगराला थोडे दिवस बरे येऊ लागले तोच बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. कारखाना होता त्या भागात नगरपालिकेला वस्ती वाढवावयाची होती. दुसरी जागा घेण्याइतका पैसा गाठीला नव्हता. त्या सुमारास औंध येथे सभामंडप उभारण्याच्या कामामुळे लक्ष्मणरावांचा औंध संस्थानाशी संबंध आला होता. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी कलाप्रेमी होते, स्वतः चित्रे काढीत. रंगांनी दगा दिलेल्या या यंत्रकाराची योग्यता त्यांनी ओळखली. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले.

जमीन म्हणजे निवडुंगाचे रान. पाण्याचे दुर्भिक्ष, सापांचा सुळसुळाट. १९१० मध्ये लक्ष्मणराव आपल्या माणसांसह तेथे आले आणि किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. रामूअण्णा वसाहतीचे व्यवस्थापक झाले. शंभूराव जांभेकर यंत्रांकडे, मंगेशराव रेगे हिशेबाकडे, के. के. कुलकर्णी विक्रीकडे, तर अनंतराव फळणीकर कर्मशाळेच्या कामाकडे पाहू लागले. यांपैकी बहुतेकांजवळ पदव्यांची भेंडोळी नव्हती. माणूस कशासाठी चांगला आहे हे हेरून त्याला ते काम द्यावयाचे, ही लक्ष्मणरावांची रीत होती. शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी यास त्यांनी वसाहतीच्या राखणीवर नेमले आणि तो विश्वास सार्थ ठरला. शिवाशिव, सोवळे-ओवळे यांना किर्लोस्करवाडीत थारा नव्हता. १९१० च्या महाराष्ट्रात ही सोपी गोष्ट नव्हती. वेदान्ती पंडिताच्या घरातून आलेल्या माणसाने ती केली, म्हणून तिचे मोल अधिक.

तोफांचे झाले नांगर

माळ हिरवा होतो न होतो तोच १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशांतून येणारे कच्चे लोखंड थांबले, कोळसा दुर्मीळ झाला, किमती भडकल्या. युद्धामुळे आयात नांगर बाजारातून नाहीसे झाले होते. म्हणजे मागणी दाराशी आली आणि भट्टीत घालायला धातू नाही, असा विचित्र प्रसंग.

या संकटात कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज साह्यास आले. पन्हाळा किल्ल्यावर जुन्या, निकामी तोफा पडून होत्या. त्या महाराजांनी किर्लोस्करांना वितळविण्यासाठी दिल्या. ज्या धातूने एकेकाळी तटबंदीवरून आग ओकली, त्याच धातूचे फाळ होऊन ते शेतात उतरले. शेतकऱ्यांचा कैवार घेणाऱ्या राजाने आणि नांगर घडविणाऱ्या कारखानदाराने मिळून केलेले हे काम महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील फार हृद्य प्रकरण आहे.

त्यात एक तांत्रिक धडाही आहे. ओतकामाला प्रत्येक वेळी एकाच जातीचा माल मिळत नाही. आज हे लोखंड, उद्या ते भंगार. प्रत्येक वेळी मिश्रण नव्याने जुळवावे लागते, नमुना ओतून मोडून पाहावा लागतो. टंचाईच्या त्या वर्षांनी हे शिक्षण सक्तीने दिले. युद्ध संपल्यावर, १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. कारखान्याची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन मराठी घराघरांत वाचले जाऊ लागले.

नांगरामागोमाग उसाचे चरक, रहाट, हातपंप, सेंट्रिफ्यूगल पंप, लोखंडी फर्निचर अशी मालिका लागली. उसाच्या लाकडी चरकाची जागा बिडाच्या चरकाने घेतली. प्रत्येक वस्तूला नवा साचा लागे, आणि प्रत्येक साच्याबरोबर ओतकाम करणारे हात अधिक तरबेज होत. पंपाचे कवच ओतणे हे नांगरापेक्षा कितीतरी अवघड. आत गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी पोकळी असते, भिंत पातळ आणि सारखी हवी, पाणी कोठे पाझरता कामा नये. नांगर ओतणारा कारागीर पंप ओतू लागला, तेव्हा तो इंजिनाच्या उंबरठ्याशी पोहोचलाच होता.

इंजिनाचे दिवस

योगायोग असा, की लक्ष्मणराव बेळगावात नांगराशी झगडत होते त्याच काळात, १९०५ साली, स्वित्झर्लंडमध्ये आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या तरुण अभियंत्याने इंजिनाच्या फुकट जाणाऱ्या जळत्या वायूंवर चक्र फिरवून इंजिनात जादा हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. टर्बोचार्जरचा जन्म तेथे झाला. कल्पना चांगली असूनही वीस वर्षे ती धडपणे कामास येईना. वाट सापडली ती १९२५ च्या सुमारास, आणि त्यात मोठा वाटा होता मॅनिफोल्डमधील बदलाचा. सर्व सिलिंडरांचा धूर एकाच नळीत सोडल्यास एकाचा लोट दुसऱ्याच्या वाटेत येतो. ब्यूखी यांनी नळ्या विभागल्या, एकमेकांना अडथळा न करणारे सिलिंडर एकत्र जोडले आणि प्रत्येक लोटाचा जोर चक्रापर्यंत शाबूत पोहोचविला. जर्मनीतील दोन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांची शक्ती त्यामुळे १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. मोटारीत टर्बो येण्यास मात्र १९६२ साल उजाडावे लागले.

इकडे लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन आले आणि कामाला जुंपले. पुढे १९४१ मध्ये हरिहर येथे यांत्रिक हत्यारांचा कारखाना, तर १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला विद्युत यंत्रांचा कारखाना सुरू झाला. विहिरीवरच्या मोटेची जागा डिझेल इंजिन आणि पंपाच्या जोडीने घेतली. तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या अहमदपूर, उदगीर, निलंगा या तालुक्यांपासून पश्चिम महाराष्ट्रापर्यंत काळ्या जमिनीचा प्रश्न एकच होता. नांगराने माती उलटविली. आता पाणी उपसावयाचे होते.

इंजिन हे बिडाच्या कलेचे मोठे परीक्षास्थान. ब्लॉक, हेड आणि मॅनिफोल्ड हे भाग तापतात, थंड होतात, पुन्हा तापतात. त्यांत मॅनिफोल्डची अवस्था सर्वांत कठीण. एक बाजू पाण्याने थंड राहिलेल्या हेडला घट्ट आवळलेली, दुसरी बाजू धगधगत्या वायूंनी भरलेली. त्यावर टर्बो बसविला की त्याचे वजनही याच्याच अंगावर येते. डिझेल इंजिनाच्या धुराचे तापमान भराच्या वेळी ६०० ते ७०० अंशांच्या घरात जाते. टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनात ते ९०० अंशांच्याही वर चढते. तापलेला धातू लांबतो, पण बोल्ट त्याला लांबू देत नाहीत. मग तडा जातो तो दोन सिलिंडरांच्या मधल्या भागात, किंवा टर्बोच्या पाटाजवळ.

अशा मॅनिफोल्डमध्ये बदल करणाऱ्या जाणत्या कारागिराची पद्धत पाहण्यासारखी असते. टर्बोसाठी पाट जोडावयाचा असेल, तर तो थंड बिडावर थेट वेल्डिंग करीत नाही. सबंध ओतीव भाग भट्टीत किंवा ज्योतीवर ५०० ते ६०० अंशांपर्यंत सारखा तापवितो, निकेलच्या सळईने थोडा थोडा जोड भरतो, प्रत्येक टप्प्यानंतर हलके ठोके देऊन ताण मोकळा करतो आणि काम झाल्यावर तो भाग राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून सावकाश निवू देतो. घाई केली तर जोडाच्या कडेला तेच पांढरे, ठिसूळ बीड तयार होते, जे फाळाला वरदान ठरले आणि येथे शाप ठरते. निवल्यावर पाटाची बैठक यंत्रावर सपाट करावी लागते, कारण तापविताना ती थोडीफार वाकलेली असते. जुनी चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना आधी भोके पाडून तिची धाव थांबवितात. बोल्टची भोके किंचित लांबट करून धातूला सरकण्यास जागा देतात. जेथे एकसंध पाट सर्व सिलिंडरांना जखडून ठेवतो, तेथे तो मधे कापून मोकळा करतात. आतील वाट कोरून गुळगुळीत करताना भिंत किती पातळ होत आहे, याचे भान ठेवावे लागते. हव्यासापोटी एक मिलिमीटर जास्त कोरले तर सारा खटाटोप वाया.

आणि कित्येकदा शहाणपण याच्याही पुढे असते: जुना मॅनिफोल्ड न छेडता नवा साचा करून नवे मिश्रण ओतणे. १९४० च्या दशकात बिडात किंचित मॅग्नेशियम मिसळून ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांऐवजी गोळ्या तयार करण्याची युक्ती सापडली. पापुद्र्याच्या कडेने धावणारी चीर गोळीपाशी अडते. त्यात सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम वाढविले की ते ८०० अंशांच्या आसपासही तग धरते. अधिक धगीसाठी भरपूर निकेल असलेले बीड किंवा ओतीव स्टेनलेस पोलाद वापरतात. या विद्येचे मूळ सूत्र तेच, जे लक्ष्मणरावांनी नांगरावर गिरविले: मोड वाचावी आणि साचा सुधारावा.

अखेरचे पर्व

वाढत्या वयात लक्ष्मणरावांनी कारभार पुढच्या पिढीकडे सोपविला. परंतु विश्रांतीच्या वर्षांतच त्यांना सर्वांत दारुण प्रसंग पाहावा लागला. १९४८ च्या आरंभी गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटविण्यात आला. निवडुंगाच्या माळावर जे एकेक वीट रचून उभारले होते, ते जळताना पाहण्याचे वय ७८ वर्षे हे नव्हे. ज्या वसाहतीने जातीपातीचे कुंपण कधी मानले नाही, तिच्यावर जातीच्या रागाचा घाला पडावा, हा दैवदुर्विलास. कारखाना पुन्हा उभा राहिला. सूडाची भाषा न करता भट्ट्या पुन्हा पेटविल्या गेल्या, यातच लक्ष्मणरावांनी घालून दिलेल्या वळणाचे यश होते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. त्यानंतर सव्वा महिन्याने राज्यांची पुनर्रचना झाली. त्यांचे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि हैदराबाद राज्यातील बिदर जिल्ह्याचा अहमदपूर तालुका मुंबई राज्यात आला. जमिनीच्या सीमा बदलल्या, नांगर दोन्हीकडे तोच चालत राहिला. भारत सरकारने २० जून १९६९ रोजी त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशन आज किर्लोस्करवाडी या नावानेच ओळखले जाते.

लक्ष्मणरावांच्या आयुष्याकडे एका दृष्टिक्षेपात पाहिले, तर ती अडथळ्यांची यादी वाटेल. रंग दिसेनात, बढती मिळेना, नांगर खपेना, जागा टिकेना, लोखंड मिळेना आणि शेवटी आग. यांतल्या एकाही प्रसंगी त्यांनी हाती आलेल्या वस्तूवर वा माणसावर राग काढलेला दिसत नाही. परदेशी विद्या जशीच्या तशी उचलण्याचा मोहही त्यांना झाला नाही. आपल्या जमिनीला, आपल्या बैलाला, आपल्या भट्टीला जे मानवेल ते त्यांनी शोधले. आज परदेशी बनावटीचा टर्बो मागवून देशी इंजिनावर चढविण्याची हौस शहरांतल्या तरुणांत दिसते. सुटा भाग पैसे टाकून मिळतो. तो ज्यावर बसवावयाचा त्या बिडाचा स्वभाव मात्र शिकावाच लागतो. जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली चार महिने काढणाऱ्याला तो कळतो. तडा गेला तर त्या तरुणाने भाग फेकून देण्यापूर्वी मोडीकडे एकवार निरखून पाहावे. कुंडलच्या माळावर एका मोठ्या उद्योगाचा पाया त्याच सवयीवर घातला गेला होता.